मदत हवी आहे: ‘टॉमी’ने संपणारे तीन शब्द, म्हणजे तीन ऑपरेशनं का?

नीरजा_७७ (सायं. ५:४८)
जरा लवकर सांगा. इंग्रजीत शेवटी ‘टॉमी’ असलं की अर्थ काय होतो? एकाच कागदावर तीन शब्द आहेत. तिन्ही एकच का वेगवेगळे? शोधलं तर पानंच्या पानं येतात, वाचत बसायला वेळ नाही. सात वाजेपर्यंत हवंय.

स्पर्धावीर (५:५३)
राज्यसेवा की बँकिंग? एका शब्दाचे प्रश्न असतील तर ‘टॉमी’पेक्षा ‘साइड’ पाठ करा, त्यावर हमखास येतं. होमिसाइड म्हणजे मनुष्यहत्या, फ्रॅट्रिसाइड भावाची हत्या, रेजिसाइड राजाची हत्या, पेस्टिसाइड कीटकनाशक. मूळ लॅटिन आहे, कापणे किंवा मारणे.

नीरजा_७७ (५:५५)
परीक्षा नाही हो. हॉस्पिटलचा फॉर्म आहे, सही करायचीय.

शब्दवेडा (५:५९)
‘टोम’ हे ग्रीक, म्हणजे काप. अ‍ॅनाटमी त्यातलाच, कापून पाहणे. अ‍ॅटम म्हणजे ज्याचे काप होत नाहीत तो. पण ‘टॉमी’ ऐकू आलं की सगळं एकच असं नाही, त्याच्या आधीची अक्षरं बघावी लागतात. ‘एक्टॉमी’ असेल तर कापून बाहेर काढणे, कारण ग्रीकमध्ये ‘एक्’ म्हणजे बाहेर. टॉन्सिलेक्टॉमी, अपेंडेक्टॉमी, आपण गर्भपिशवी काढली म्हणतो ती हिस्टरेक्टॉमी.

जुनी_सिस्टर (६:०२)
ताई, तीन शब्द कोणते ते आधी लिहा. पेशंट कोण, वय किती, झालंय काय? नुसत्या शेपटीवरून कसं सांगणार?

नीरजा_७७ (६:०६)
बाबा, ७१ वर्षांचे. आतडं अडकलंय, काल रात्री पोट फुगलं म्हणून आणलं. लॅपरॉटॉमी, सिग्मॉइड कोलेक्टॉमी, कोलोटॉमी. तिसऱ्याच्या आधी अधिक आणि त्याच्याखाली उणे असं चिन्ह आहे. भाऊ म्हणतो तीन ऑपरेशनं आहेत, बाबांना एवढं सोसायचं नाही, सही करू नको.

वैद्य_कऱ्हाड (६:१०)
हे सगळं सुश्रुतसंहितेत आहे. शस्त्रकर्मं आठ: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य, सीव्य. छेद्य म्हणजे कापून काढणे, ती तुमची एक्टॉमी. भेद्य म्हणजे चीर देणे, ती टॉमी. सीव्य म्हणजे शिवणे. आपले शब्द शिकवले असते तर आज ही वेळ आली नसती.

मृदुला_एस (६:१२)
वैद्यबुवा, माहिती छान आहे, पण त्यांच्या हातात पेन आहे आत्ता. नंतर वेगळा धागा काढा, मी नक्की वाचेन. नीरजा, माझ्या सासूबाईंचं पित्ताशय काढलं होतं, कोलेसिस्टेक्टॉमी. दुर्बिणीतून केलं, तिसऱ्या दिवशी घरी. तुम्हीही दुर्बिणीचं विचारा.

जुनी_सिस्टर (६:१५)
मृदुलाताई, पित्ताशय वेगळं आणि फुगलेलं आतडं वेगळं, उगाच आशा लावू नका. नीरजा, तिसरा शब्द पुन्हा बघा. कोलोटॉमी की कोलोस्टॉमी? शेवटच्या ‘टी’च्या आधी ‘एस’ आहे का? त्या एका अक्षराने सगळं बदलतं.

नीरजा_७७ (६:१९)
हाताने लिहिलंय. ‘ओ’ला चिकटून एक वेलांटीसारखं वळण आहे, मला ते ‘टी’चंच शेपूट वाटलं होतं. खिडकीजवळ जाऊन पाहिलं. ‘एस’ आहे.

जुनी_सिस्टर (६:२६)
मग ऐका. तीन ऑपरेशनं नाहीत. एकदाच भूल, एकदाच टेबल. लॅपरॉटॉमी म्हणजे पोटावर चीर देऊन आत जायचं, ते दार उघडणं झालं. कोलेक्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याचा बिघडलेला भाग काढायचा, सिग्मॉइड हा गुदाशयाच्या आधीचा वळणदार भाग. आणि कोलोस्टॉमी म्हणजे आतड्याचं टोक पोटाच्या कातडीवर आणून तिथे तोंड ठेवायचं. शौच त्यातून पिशवीत येते. अधिक-उणे म्हणजे लागली तर. फुगलेलं आतडं लगेच जोडलं तर जोड सुटायची भीती असते, म्हणून पोट उघडल्यावर सर्जन ठरवतात. मी ऑपरेशन थिएटरमध्ये २६ वर्षं काढली, असे फॉर्म खूप पाहिलेत. तरी सहीआधी सर्जनना तीन गोष्टी विचाराच: तोंड ठेवायची शक्यता किती, ठेवलं तर पुन्हा जोडता येईल का, आणि कधी. बऱ्याच जणांचं काही महिन्यांनी जोडतात, सगळ्यांचं नाही. आणि फार थांबू नका, अडकलेलं आतडं वाट पाहत नाही.

शब्दवेडा (६:२९)
अगदी बरोबर. ‘स्टोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये तोंडच. आपल्याला तोंड येतं त्याला स्टोमॅटायटिस म्हणतात, तोच शब्द. घशाला भोक ठेवतात ती ट्रेकिओस्टॉमी.

कोकणी_माणूस (६:३३)
एक्टॉमी म्हणजे काढणे हा नियम सरसकट धरू नका. बायकांच्या नसबंदीच्या ऑपरेशनला ट्यूबेक्टॉमी म्हणतात, त्यात नळी कुठे काढतात? बांधतात.

जुनी_सिस्टर (६:३५)
टाक्याच्या ऑपरेशनात नळी बांधून मधला छोटा तुकडा कापतात. काढतात थोडंच, पण काढतात.

कोकणी_माणूस (६:३८)
आणि दुर्बिणीतून रिंग बसवतात तेव्हा? तेव्हा काहीच काढत नाहीत, तरी कागदावर ट्यूबेक्टॉमीच लिहितात.

जुनी_सिस्टर (६:३९)
ते मान्य. पण इथे नको आता.

स्पर्धावीर (६:४४)
मग ‘आयटिस’ म्हणजे सूज आणि ‘ओमा’ म्हणजे कॅन्सर, बरोबर ना? नोट्समध्ये घालतो.

मृदुला_एस (६:४७)
‘ओमा’ म्हणजे गाठ, दरवेळी कॅन्सर नव्हे. लायपोमा ही साधी चरबीची गाठ असते, माझ्या दंडावर आहे. असं अर्धवट लिहून ठेवू नका, लोक घाबरतात.

नीरजा_७७ (रात्री ८:१०)
सर्जन भेटले. सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसंच आहे, एकच ऑपरेशन. तोंड बहुधा ठेवावं लागेल म्हणाले, जोडायचं तीन महिन्यांनी तपासून ठरवू. भावाला फॉर्मवर बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला, मग त्यानेच पेन दिलं. सही झाली, साडेआठला घेताहेत. बाबांना सांगितलं की पोटावर तोंड ठेवतील. ते म्हणाले, मग जेवायचं कुठून? म्हटलं, जेवण नेहमीसारखंच, ह्याच तोंडाने.