व्हाउचर, प्रमाणक की हुंडी?

भाचीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय: 'खाजगी शाळेत शिकण्यासाठी सरकारने पालकांना व्हाउचर द्यावे.' ती बाजूने बोलणार. इंग्रजी शब्दांचे गुण कापतात म्हणे, म्हणून परवा तिने विचारलं, "मामा, व्हाउचरला मराठीत काय म्हणू?" माझी उभी नोकरी नागपूरच्या ट्रेझरीत बिलं तपासण्यात गेली. तोंडातून आपसूक निघालं, 'प्रमाणक'. तिने वहीत लिहिलं, मोठ्याने म्हणून पाहिलं, "सरकारने गरिबाच्या हाती प्रमाणक द्यावे", आणि म्हणाली, "हे तर उत्पन्नाचा दाखला द्या म्हटल्यासारखं वाटून राह्यलं."

तिचं बरोबर आहे. प्रमाणक म्हणजे खर्च झाल्याचा पुरावा. त्यावर क्रमांक पडतो, गठ्ठा बांधून महालेखापालांकडे जातो. पैसे गेल्यानंतरचा कागद. शाळेचं व्हाउचर म्हणजे फीपोटी सरकारने दिलेला कागद, तो पैसे जाण्याआधी पालकाकडे येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो, कारण त्याचं मूळ 'साक्षीला बोलावणे' या अर्थाच्या धातूत आहे. झालेल्या व्यवहाराची साक्ष देता येते, तशी व्हायच्या व्यवहाराची हमीही. आपल्याकडे या दुसऱ्या कागदाला काय म्हणावं?

धरमपेठी: कूपन. सगळ्यांना कळतं. विषय संपला.

मूळ प्रश्नकर्ता: कूपन म्हटलं की मला भंडाऱ्याची रांग दिसते. आणि परीक्षक त्याचेही गुण कापतील.

बखरवाचक: जुन्या कागदांत 'वरात' आहे. अमक्या महालाच्या वसुलीवर तमक्याला वरात दिली, म्हणजे त्याने तिथून रक्कम उचलावी. अर्थ अगदी चपखल.

धरमपेठी: पोरीला स्टेजवरून "प्रत्येक पालकाला सरकारने वरात द्यावी" म्हणायला लावा. हॉल खाली बसणार नाही.

फळ्यापाशी: मी अनुदानित शाळेत शिकवते. दर उन्हाळ्यात आम्ही शिक्षक वस्त्यांमधून पोरं शोधत फिरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद जातं आणि आपण 'अतिरिक्त' ठरतो. गेल्या मे महिन्यात नंदनवनकडे एका घरी बसले होते. दप्तर देऊ, जोडे देऊ, ऑटोचं भाडं आम्ही भरू, सगळं सांगून झालं. बाईने पदराने ग्लास पुसून पाणी दिलं आणि म्हणाली, "मॅडम, त्याचा आरटीईत नंबर लागला. कॉन्व्हेंटमध्ये टाकला." (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; आणि आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे कोणतीही इंग्रजी शाळा, नन असोत की नसोत.)

तिच्या वाक्यात पैसा कुठेच नाही. नंबर लागला, एवढंच. पैशाचा शब्द सरकार आणि शाळा यांच्यात फिरतो: 'शुल्क प्रतिपूर्ती'. २००९च्या याच कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखल्या. त्या मुलांपोटी सरकार शाळेला पैसे देतं. सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यांत कमी असेल ते. आपल्या राज्यात हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये ठरला होता. आता 'प्रतिपूर्ती' शब्दातच गोम आहे. आधी कोणीतरी पदरचं घालायचं, मग सरकारने भरून काढायचं. थकलं की शाळा कुरकुरते आणि ती कुरकुर थेट पोरापर्यंत पोचते. शेजारच्या मुलीला एका शाळेच्या काउंटरवर क्लार्कने विचारलं, "पेड की आरटीई?" सहा वर्षांची पोर घरी येऊन विचारते, "आई, मी पेड नाही का?"

तेव्हा शब्द कोणताही घ्या, पण 'नादारी' तेवढी नको. कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगते.

बखरवाचक: सुचवणारच होतो! फी माफीला पूर्वी नादारीच म्हणत. फारसीतलं ना-दार, ज्याच्याजवळ नाही तो. पण ताई, तुमचं मान्य. कायद्याच्या मराठीत तर आता नादारी म्हणजे कर्ज फेडता न येणं.

इतवारीकर: आमच्या घरी तीन पिढ्या किराण्याचं ठोक दुकान आहे, म्हणून थोडं बोलतो. तुम्हाला हवा असलेला शब्द 'हुंडी'. आणि नुसती हुंडी नाही, शाहजोग हुंडी. दाखवताक्षणी पैसे मिळतात ती दर्शनी, ठरल्या मुदतीनंतर मिळतात ती मुद्दती, आणि बाजारात पत असलेल्या 'शाहा'लाच जिचे पैसे मिळतात ती शाहजोग. कोणी रस्त्यावरचा ती घेऊन आला तर पेढी पैसे मोजणार नाही. व्हाउचरचं काय असतं? कागद पालकाजवळ, पण पैसे मान्यताप्राप्त शाळेलाच. पालकाने ते मोडून किराणा भरला, असं चालत नाही. शाहाच्या जागी शाळा ठेवा, झालं.

आणि मामांच्या प्रमाणकाचंही उत्तर यातच आहे. पैसे चुकते झालेल्या हुंडीला 'खोका' म्हणतात. तो पुरावा म्हणून जपून ठेवतात. म्हणजे जाताना हुंडी, परत येताना खोका. इंग्रजीला एका शब्दात जे भागवावं लागतं त्याला आपल्याजवळ दोन आहेत. फक्त हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात दुसरा शब्द मोठ्याने म्हणू नये.

मूळ प्रश्नकर्ता: वा! यासाठी चहा लागू.

विरोधी बाकावरून: भाचीच्या विरोधात मी असतो तर हाच शब्द पकडला असता. पैसा पालकाच्या हातात येतो, असा भास 'हुंडी'ने होतो. चिलीत १९८१पासून जे चाललं त्याला जगभर व्हाउचर म्हणतात, पण तिथेही रक्कम मुलांच्या हजेरीप्रमाणे थेट शाळेकडे गेली. याला मराठीत 'पटानुसार अनुदान' म्हणता येईल. फळ्यापाशी ताईंची संचमान्यता त्याचीच चुलत बहीण. मूल गेलं की पद गेलं, पैसा गेला.

दुसरं. 'शिक्षण हक्क' हा शब्द कायद्यात आहे, म्हणून त्याच्यासाठी भांडता येतं. २०२४च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. व्हाउचर ही नुसती 'योजना' असती तर एका शासन निर्णयाने संपली असती. मला योजना आणि हक्क यांतला फरक व्हाउचर आणि हुंडी यांच्यापेक्षा मोठा वाटतो.

इतवारीकर: भाऊ, ती शब्दचर्चा नाही, भाषण झालं. आणि हुंडी न वटली तर तिचाही दावा लागतो, कोर्टात.

फळ्यापाशी: भाचीला आंध्राचा प्रयोग वाचायला सांगा. २००८पासून चार वर्षं सोडतीने व्हाउचर देऊन पाहिले. तेलुगू आणि गणितात खाजगीत गेलेली मुलं पुढे गेली नाहीत, हिंदीत गेली. पण खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. दोन्ही बाजूंना कामी येईल, हीच त्याची अडचण.

मूळ प्रश्नकर्ता: काल स्पर्धा झाली. ती 'शिक्षणहुंडी' म्हणाली, जोडून. दुसरा नंबर आला. परीक्षकांनी शेवटी विचारलं, "ही हुंडी वटेल त्या शाळेत जागाच नसेल तर?" ती म्हणते, मामा, तेव्हा मला एकही शब्द सुचला नाही, मराठीही नाही आणि इंग्रजीही. आता घरी फक्त खोका-खोका चाललं आहे, तेवढं इतवारीकरांकडून भरून घ्यायचं आहे.