कागदासारख्या कडक कोषातून मऊ रेशीम कसे निघते?

प्रश्न (ऐरोली)
वाशीच्या एका हातमाग प्रदर्शनात मी रेशमाचा कोष प्रथमच हातात घेतला. तो पुठ्ठ्यासारखा कडक होता आणि हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळत होते. विक्रेते म्हणाले की याचे सूत कातून कापड विणतात. आईचे सोवळ्याचे कद मात्र अतिशय मऊ आहे. हा मऊपणा नेमका कोणत्या टप्प्यावर येतो?

उत्तर (नौपाडा, ठाणे)
खुळखुळणारा तो वाळलेला कोषकीटक. माझ्या मामांची जालन्याजवळ तुतीची बाग असल्याने हे काम मी लहानपणापासून पाहिले आहे. अळी साधारण 25 दिवस तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या बांबूच्या चौकटीवर, चढून दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. तिच्या तोंडातून येणारे दोन तंतू सेरिसिन नावाच्या नैसर्गिक डिंकाने एकमेकांना चिकटतात. कोषाचा कडकपणा हा त्या डिंकाचाच. आतल्या अळीचा पतंग होऊन तो कोष भिजवून बाहेर पडला तर धागा अखंड उलगडत नाही, म्हणून त्याआधीच कोषाला वाफ किंवा उष्ण हवा देतात. नंतर गरम पाण्यात डिंक सैल झाला की आठ-दहा कोषांची टोके एकत्र धरून धागा गुंडाळतात. एका कोषातून सुमारे एक किलोमीटर अखंड तंतू निघू शकतो, त्यामुळे त्याला 'कातणे' म्हणणे चूक आहे. कातावे लागते ते फुटक्या कोषांचे रेशीम.

उत्तर (कोपरखैरणे)
वरील उत्तरात मुख्य टप्पा राहिला. कोषातून काढलेला धागाही राठच असतो, कारण डिंक केवळ सैल झालेला असतो, गेलेला नसतो. पीळ दिल्यावर धागा साबण-सोड्याच्या पाण्यात उकळतात. तेव्हा त्याचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटते आणि तेव्हाच मऊपणा व चकाकी येते. रंग देणे आणि येवल्याच्या मागावर ताणा लावणे त्यानंतरचे. गडचिरोली-भंडाऱ्याकडील टसर या रानरेशमाच्या अळ्या मात्र ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. ते कोष इतके टणक असतात की ते आधी सोड्यात शिजवल्याशिवाय उलगडत नाहीत, आणि त्याचे कापडही किंचित खरखरीत लागते.

प्रश्नकर्ती
मग कद धुताना सोडा वापरला तर चालेल का?

उत्तर (कोपरखैरणे)
मुळीच नको. डिंक आधीच निघालेला असल्याने तीव्र सोडा थेट तंतूलाच खाईल. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.