गोदावरी समुद्राकडे पाठ करून का निघते? आणि आंध्रातल्या राजमुंद्रीला एवढं पाणी कुठून?

काठावरचा: गोदावरीचा उगम त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किमीच्या आसपास, तरी ती पूर्वेला वळते आणि १४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते, असं का? दुसरं म्हणजे उन्हाळ्यात पैठणच्या खाली कितीतरी ठिकाणी पात्रात नुसती वाळू न डबकी, आणि तीच नदी राजमुंद्रीला एवढी अफाट. मधे नेमकं काय होतं?

कातळवाट: पहिल्याचं उत्तर सह्याद्री. दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे आणि कोकणाच्या बाजूला एकदम कडा तुटलेला, त्यामुळे घाटमाथ्याच्या थोडं जरी अलीकडे पडलेलं पाणी असलं तरी ते उताराने पूर्वेलाच जाणार. वैतरणा बघा ना, ती पण त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावते पण पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते, म्हणजे शेजारी शेजारी पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांत! नर्मदा-तापी पश्चिमेला जातात कारण त्या खचदरीतून (जमीन खचून झालेल्या दरीतून) वाहतात, त्यांची गोष्ट वेगळी.

वाळूघाट: दुसऱ्याचं मी सांगतो. त्र्यंबकला पाऊस धो धो, पण नाशिक सोडलं की नगर, संभाजीनगर, जालना, बीड सगळा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा, त्यात गंगापूर, जायकवाडी, विष्णुपुरी अशी धरणं अडवतात, मग खाली उरणार काय. खरी गोदावरी भरते ती गडचिरोलीतल्या सिरोंचाला, प्राणहिता नदी मिळते तिथे. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा या तिघींचं पाणी ती आणते, आणि गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या प्राणहितेचा आहे!! पुढे बस्तरकडून इंद्रावती, मग भद्राचलमच्या खाली शबरी. आपण नाशिकचं पाणी समुद्राला गेलं म्हणतो, पण राजमुंद्रीला दिसतं त्यातलं बहुतेक विदर्भ, छत्तीसगड, ओडिशाच्या जंगलांतलं असतं, आणि याचं श्रेय त्या नद्यांना कोणी देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

काठावरचा: वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग मांजरा? ती तर ७०० किमीच्या वर लांब आहे की.

वाळूघाट: लांब आहे, पण बालाघाटच्या डोंगरात निघून बीड, लातूरच्या कोरड्या भागातून येते. तेलंगणातल्या कंदकुर्तीला गोदावरीला मिळते खरी, पण लांबीवरून पाण्याचा अंदाज करू नका, खोऱ्यात पाऊस किती ते बघा.

गौतमीतीर: शेवटचा टप्पा राहिला. पापीकोंडलूच्या डोंगरांत नदी चिंचोळी होते आणि बाहेर पडली की सपाट मैदानात पसरते, म्हणून राजमुंद्रीला ती जास्तच रुंद वाटते. तिथून जवळच धवलेश्वरमला आर्थर कॉटनने बांधलेला बंधारा, १८५२ साली पूर्ण झाला, त्याच्या कालव्यांवर तिथली भातशेती उभी राहिली. बंधाऱ्याखाली गौतमी आणि वसिष्ठा असे फाटे फुटतात, गौतमी यानमकडे, वसिष्ठा अंतर्वेदीला. मधला कोनसीमाचा सगळा प्रदेश नदीनेच आणलेल्या गाळाचा, आपल्याकडची काळी माती पण त्यात आलीच.