निर्माता आणि कलासंचालक: नाशिकमध्ये हे पूर्णवेळ काम होऊ शकते का?

गोदाकाठ:
आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या गेल्या सभेत एक वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला, म्हणून इथे मांडतो. नाट्यशास्त्राची पदवी घेऊन परतलेल्या एका मुलीने सांगितले की तिला अभिनय करायचा नाही आणि दिग्दर्शनही करायचे नाही; वर्षभरात संस्थेने कोणती नाटके करायची, ती कोणाकडून बसवून घ्यायची आणि त्यासाठी पैसा कुठून उभा करायचा, हे काम तिला हवे आहे. ज्येष्ठांनी ‘मग व्यवस्थापक हो’ एवढे म्हणून विषय मिटवला. (चित्रपटाचे सेट उभारणारा कलादिग्दर्शक इथे अभिप्रेत नाही, म्हणून मी कलासंचालक हा शब्द वापरतो आहे.)

माझे मत असे की तिने मागितलेले काम वेगळे आहे आणि या शहराला त्याचीच उणीव आहे. आपल्याकडे महाकवी कालिदास कलामंदिर आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, कुसुमाग्रज स्मारकातली सभागृहे आहेत. तारखा देणारी आणि भाडे घेणारी माणसे तिथे आहेत, पण नाशिककरांनी यंदा काय पाहावे याचा विचार करण्यासाठी पगार घेणारा माणूस मला तरी दिसत नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन-तीन महिने तालमी करून बसवलेले नाटक एका प्रयोगानंतर संपते. आमचे मागच्या खेपेचे नेपथ्य आजही एका सभासदाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली पडून आहे आणि त्यातल्या दरवाजाचा उपयोग त्यांच्या घरचे लोक कपडे वाळत घालायला करतात. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम या संस्थेने १९८५ पासून ‘तिरुगाट’ हा फिरता नाट्यसंच चालवला. एका खेड्याला जे जमले ते नाशिकला का जमू नये?

हिशेबनीस:
आपण नीनासमचे फळ दाखवले, झाड दाखवले नाही. ती संस्था १९४९ ची आहे. म्हणजे फिरता संच निघण्याआधी तिथे छत्तीस वर्षे प्रेक्षक घडवण्याचे काम चालले होते. आपण मात्र पहिल्याच वर्षी पगारी पद मागत आहात.

माझा खरा आक्षेप दोन्ही अधिकार एका हाती देण्याला आहे. नाटक निवडणारा आणि तिजोरी सांभाळणारा माणूस एकच झाला की काय होते हे मराठी रंगभूमीने फार महाग किंमत देऊन पाहिले आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली तेव्हा बालगंधर्वांबरोबर गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे भागीदार होते. पुढे दोघेही बाहेर पडले आणि शालू, अत्तरे, गालिचे यांच्या खर्चाला हात घालणारे कोणी उरले नाही. कंपनीवर झालेले कर्ज फेडण्यात त्या अलौकिक कलावंताच्या उमेदीची वर्षे गेली. याउलट आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगमंचावर आणले ते दि गोवा हिंदू असोसिएशन या संस्थेने. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते, म्हणजे तिजोरी एकाकडे आणि रंगमंच दुसऱ्याकडे.

मी स्वतः एकदा मुंबईचे नाटक ठरावीक रकमेच्या बोलीवर नाशिकला आणले होते. प्रयोगाच्या दिवशी दुपारी बुकिंगच्या खिडकीत बसलो असताना समोरच्या आसनांच्या प्लॅनवर विकल्या गेलेल्या जागांच्या लाल पेन्सिलीच्या अकराच खुणा होत्या आणि बाहेर पाऊस कोसळत होता. नाटक चांगले आहे की नाही हा विचार त्या वेळी मनात येत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो.

विंगेतली:
हिशेबनीस, तुमचे उदाहरण मला पटले नाही. बालगंधर्व मुख्य नट होते आणि मालकही होते. नट स्वतःसाठी शालू मागणारच. ज्याला स्वतः रंगमंचावर उभे राहायचे नाही अशा माणसाची नजर निराळी असते. मोहन वाघ मुळात छायाचित्रकार होते, नेपथ्य करत होते, आणि ‘चंद्रलेखा’चे निर्मातेही होते. एकांकिका म्हणून गाजलेल्या ‘ऑल द बेस्ट’मध्ये पूर्ण व्यावसायिक नाटक आहे हे त्यांनी ओळखले आणि नव्या मुलांना घेऊन ते रंगमंचावर आणले. ती निवड कलेची होती की धंद्याची, हे तुम्ही मला वेगळे करून दाखवा.

तरीही मूळ प्रस्तावाला माझा पाठिंबा नाही, आणि त्याचे कारण पैशाचे नाही. बारा वर्षे मी नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, बॅकस्टेज केले. रात्रीचा प्रयोग आटोपून, टेम्पोत सामान भरून कसारा घाटातून परतताना जे शिकले ते पदवीच्या वर्गात मिळत नाही: कोणत्या सेटला किती माणसे लागतात, कोणत्या नाट्यगृहाच्या विंगेत पलंग फिरत नाही, आणि नटाची तारीख दुसरीकडे गेली की महिनाभराचे दौरे कसे मोडतात. या मुलीने आधी दोन-तीन वर्षे एखाद्या सूत्रधाराच्या, म्हणजे नाटकाच्या तारखा आणि दौरे जुळवणाऱ्या व्यवस्थापकाच्या, हाताखाली दौरे करावेत. संहिता निवडण्याचा अधिकार मागण्याआधी प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवून प्रमाणपत्र मिळेपर्यंत धीर धरायला शिकावे.

गोदाकाठ:
दौऱ्याचा सल्ला मी तिला जरूर देईन. मात्र विंगेतली यांचा क्रम मला उलटा वाटतो: मुंबईचा दौरा शिकून ती मुंबईचीच होईल, कारण परत येण्यासाठी इथे पदच नाही. हिशेबनीसांच्या छत्तीस वर्षांबद्दल एवढेच म्हणतो, की ती कधीतरी कोणीतरी सुरू करावी लागतात. माझी मागणी लहान आहे. संस्थेने वर्षाला तीन नाटकांची जबाबदारी तिच्यावर टाकावी, प्रत्येकाचे किमान पाच प्रयोग नाशिक, सिन्नर आणि मालेगाव मिळून व्हावेत, आणि खर्चाची मर्यादा कार्यकारिणीने आधीच ठरवून द्यावी. त्या मर्यादेच्या आत कोणते नाटक आणि कोणता दिग्दर्शक, यात मात्र कोणी बोलू नये. अध्यक्षांच्या भाच्याची संहितासुद्धा तिने नाकारली तर ती नाकारलीच.

हिशेबनीस:
मर्यादा आधी ठरणार असेल तर माझा अर्धा विरोध मी मागे घेतो. उरलेला अर्धा एका प्रश्नात आहे: संस्थेच्या बँक खात्यावर तिची सही चालणार आहे का? नाही म्हणालात, तर प्रत्येक टेम्पोवाल्याच्या आगाऊ रकमेसाठी ती खजिनदारांच्या दारात उभी राहील, आणि मग तुम्ही तिला कलासंचालक म्हणा की आणखी काही, ज्येष्ठांनी सभेत सांगितलेलेच काम ती करत असेल.

गोदाकाठ:
सध्या खात्यावर अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या सह्या आहेत. तिसऱ्या सहीचा ठराव पुढच्या सभेत मी मांडतो. अनुमोदनासाठी अजून कोणी तयार झालेले नाही.