लष्करी छावणीत काम करणाऱ्या शिक्षक-समुपदेशकांच्या प्रशिक्षणात नेमके काय असावे?

प्रश्न (समुपदेशक, नाशिक)

नमस्कार. येत्या सत्रापासून मी देवळाली छावणीच्या परिसरातील एका शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होत आहे. तेथील बहुतेक विद्यार्थी जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ आयुक्त अधिकारी) यांची मुले आहेत. नव्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण आखण्याचे काम माझ्याकडे आले असून, हाती आलेल्या आराखड्यात हुद्द्यांचा तक्ता, गणवेशावरील चिन्हे, कोणाला कसे संबोधावे आणि रेजिमेंटांचा इतिहास एवढेच आहे. हे सारे उपयोगी आहेच. पण एवढ्यावरून समोरच्या मुलाच्या घरी काय चालले आहे ते शिक्षिकेला उमगेल, असे मला वाटत नाही. माझ्या कुटुंबात सैन्यात कोणीही नाही. म्हणून जाणकारांना विचारते, की दोन दिवसांत कशाला प्राधान्य द्यावे, आणि जवान किंवा त्याची पत्नी समुपदेशकाशी मोकळेपणाने का बोलत नाही?

उत्तर १ (निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा)

मॅडम, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ (इंग्रजीत SHAPE) या पद्धतीने ठरते, म्हणजे मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच बाबी तपासल्या जातात, आणि पाचही ठिकाणी एक हा आकडा असला तर तो ‘शेप वन’. यात पहिले अक्षरच मनाचे आहे. तेथील श्रेणी घसरली की बढती, कोर्स, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरील निवड या सगळ्यांवर परिणाम होतो. त्याहून मोठी धास्ती हत्याराची असते. ज्याला हत्यार देऊ नये असे ठरले, त्याला पलटणीत मान वर करून चालणे कठीण जाते. त्यामुळे झोप लागत नसली तरी जवान पाठ दुखते म्हणून सांगतो, आणि त्याची बायकोही शाळेत येऊन तेच सांगते.

दुसरी गोष्ट गावाकडची. सीमेवरील जवानाचे मन खाणारे विषय पुष्कळदा युद्धाचे नसतातच. भावकीने बांध कोरलेला असतो, मोजणी अडलेली असते, आई दवाखान्यात असते. वर्षाची 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा कागदावर भरपूर दिसते, पण ती हवी तेव्हा मिळेलच याची खात्री नसते. अशा वेळी सीओंचे, म्हणजे युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्यांचे, पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाठपुरावा करते, युनिटच्या सैनिक संमेलनात जवानाला अडचण मांडता येते, आणि पलटणीचे पंडितजी किंवा मौलवीसाहेब तर हाकेच्या अंतरावर असतात. या वाटा आपल्या शिक्षकांना ठाऊक असाव्यात. नाही तर सल्ला देणाऱ्याला वाटते की, आपण सोडून या माणसाला कोणीच नाही.

उत्तर २ (जवानाची पत्नी व प्राथमिक शिक्षिका, बेळगाव)

सुभेदार साहेबांचे म्हणणे खरे आहे, पण त्यात घर थोडे मागे राहिले. युनिट हलते तेव्हा बहुधा सगळेच हलते, म्हणून वर्गातील बरीच मुले एकाच आठवड्यात निघून जातात. मागे राहिलेल्या मुलांचेही जिवलग त्यांत गेलेले असतात, पण सहसा त्यांच्याशी त्याबद्दल कोणी बोलत नाही.

फील्डवरून, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा नेमणुकीवरून, वडील परत आले की सगळे सुरळीत होते, हा समज प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी दूर करावा. दोन-तीन वर्षे आईने गॅस सिलिंडरपासून पालकसभेपर्यंत सारे एकटीने निभावलेले असते. मग वडील येतात आणि इन्स्पेक्शनला आल्यासारख्या वह्या, बूट, कपाट तपासू लागतात. मूल कोणाचे ऐकावे या कात्रीत सापडते. या महिन्यांत त्याच्या वागण्यात बदल दिसला तर लगेच शिस्तभंगाचा शेरा मारू नये.

आणि कृपा करून पत्नींना पतीच्या हुद्द्याप्रमाणे बसवू नका. 1966 मध्ये स्थापन झालेल्या ‘आवा’ या सैनिकांच्या पत्नींच्या संघटनेमुळे आम्हा बायकांना शिवणकामापासून विशेष मुलांच्या शाळांपर्यंत पुष्कळ आधार मिळाला, हे मी कृतज्ञतेने लिहिते. तरीही ज्या खोलीत सीओसाहेबांच्या मॅडम बसल्या आहेत, तेथे शिपायाची बायको ‘सब ठीक है, मॅडम’ याच्या पलीकडे काही बोलणार नाही. तिच्याशी बोलायचे असेल तर शाळा सुटताना, फाटकापाशी, मुलाचे दप्तर तिच्या हातात असताना बोला.

उत्तर ३ (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे)

एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच पायाचा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण छावणीत मुलाचे पालक, शाळेचे व्यवस्थापक आणि वडिलांचे वरिष्ठ एकाच वर्तुळातले असू शकतात. समुपदेशकाची नोंद कोठे राहते, ती कोण पाहू शकते आणि जीवाला धोका दिसल्यास कोणाला कळवले जाईल, हे पहिल्याच भेटीत मराठीत किंवा हिंदीत स्पष्ट सांगावे. प्रशिक्षणात याचा प्रत्यक्ष सराव घ्यावा, कारण हे बोलताना भले भले अडखळतात.

दुसरे असे की, सैनिकाचे घर म्हणजे दुखावलेलेच घर, असे गृहीत धरणे हा अपमानच आहे. आणि अभ्यासक्रम जुना असेल तर तो बदलावा. 2022 पासून अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढे कायम केले जाते. पंधरा वर्षे सेवा केली की पेन्शन, या हिशेबावर ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या मुले सैन्यात धाडली, तेथील दहावी-बारावीच्या मुलांचे आजचे प्रश्न वेगळे आहेत.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. पहिल्या दिवशी हुद्द्यांचा तक्ता अर्ध्या तासात आटोपून उरलेला वेळ जवानांच्या पत्नींना बोलते करण्यासाठी ठेवावा, असा विचार आहे. निमंत्रण कसे द्यावे?

निवृत्त सुभेदार

मॅडम, युनिटला पत्र धाडले तर सुभेदार मेजर साहेब नावे निवडून पाठवतील, आणि येणाऱ्या भगिनी जपूनच बोलतील. त्यापेक्षा नाशिक परिसरात स्थायिक झालेल्या निवृत्त जवानांच्या पत्नींना बोलवावे. त्यांच्या मालकांचे आता युनिटमध्ये काही अडकलेले नसते. पत्ते गोळा करण्यासाठी माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेकडे विचारणा करा, आणि सीओंना मात्र कार्यक्रमाची रीतसर कल्पना आधीच द्या.