मदत हवी आहे : आजीची 1956 ची पांढरी साडी कशी जपायची?

जय भीम मंडळी, मी भुसावळचा. गेल्या महिन्यात नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवन संग्रहालय बघून आलो, बाबासाहेबांचे कोट, टाईपरायटर, बऱ्याच वापरातल्या वस्तू तिथे आहेत, त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी त्या नागपूरचे धम्म कार्यकर्ते वामनराव गोडबोलेंकडे दिल्या म्हणून आज आपल्याला बघायला मिळतात. कोटासमोरून पाय हलेना भो.

तर तिथेच आठवलं की आमच्या आजीची साडी घरी पत्र्याच्या पेटीत पडलीय, 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षेला जाताना नेसलेली, पांढरी सुती. आजी नंतर महिला मंडळात खूप फिरली, मोर्चे काढले, पण ती साडी परत कधी नेसली नाही. आता घड्यांवर पिवळे डाग पडलेत, पदराला दोन ठिकाणी कसर लागलीय आणि एक घडी उलगडताना कापड चरकन फाटायला लागलं म्हणून तशीच ठेवली. काकू म्हणते निळीत धुऊन काढ, मी हात लावू देत नाहीये.

डांबरगोळ्या ठेवू का नको? ॲसिड-फ्री पेपर (जुनं कापड गुंडाळायचा, आम्ल नसलेला कागद) जळगावात कुठे मिळतो का? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचा विभाग आहे, तिथे घरगुती वस्तू घेतात का, खर्च किती येतो? आणि काचेच्या फ्रेममध्ये लावली तर चालेल का, आमच्याकडे मे महिन्यात घर नुसतं भट्टी असतं. कोणी जुनं कापड असं करून घेतलं असेल तर प्लीज सांगा, फोटो कमेंटमध्ये टाकतो.