मदत हवी आहे : मिरचीची पानं मुरडतायत, रासायनिक औषध न मारता काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरकडचे. गणपती झाल्यावर परसात मिरची, वांगी, मेथी लावली. माती तांबडी, जांभ्याची. आमच्याकडच्या पावसात सगळा कस वाहून जातो, म्हणून निम्मं शेणखत मिसळलं. वांगी छान आहेत, मेथी तर दोनदा खुडली.

मिरचीचं मात्र जीव लावूनही बिघडलंय. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलीत, फुलं गळतायत. पानं वर वळली तर फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी (दोन्ही पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडी), एवढं मला माहीत आहे. १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून दोनदा संध्याकाळी फवारलं. फरक थोडाच. सासूबाई चुलीची राख टाक म्हणतात, त्यांच्या हातची मिरची कधी मुरडली नाही.

१० लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधाची माती असं जीवामृतही (मातीत ओतायचं आंबवलेलं पातळ खत) भिजवलंय. ते आता घालू, की आधी कीड आवरू? जास्त मुरडलेली झाडं उपटावीत का? पोरं तोडून तशीच खातात, म्हणून विषारी काही नकोच. बेळगाव, निपाणीकडे कुणाची मिरची अशी होऊन सावरली असेल तर कृपया सांगा.